सुचवलेली वाक्यं

माझ्या माहेरी माझ्या नावानं एकदा आंघोळ झालेली आहे. सरकारदरबारी मी जिवंत असले, तरी इंगवल्यांच्या लेखी मी कधीचीच मेले. मेलेल्या बाईकडे मूत्रपिंड मागायला जाताना माणसाला थोडं तरी अवघडल्यासारखं व्हायला हवं. माझा धाकटा भाऊ दिगंबर आला तेव्हा त्याच्या हातात डझनभर केळी होती आणि चेहरा सुजलेला होता. "आक्का, बरी हायस न्हवं?" असं म्हणून तो आमच्या सांगलीच्या घरातल्या कॉटवर बसला, जणू मागच्याच दिवाळीला येऊन गेला होता.

आंघोळीचं सांगते. मी सुदामशी लग्न केलं. सुदाम चित्रकलेचा शिक्षक, माणूस सोन्यासारखा, पण जातीबाहेरचा. रजिस्टर लग्नाची बातमी गावात पोचली त्या दुपारी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातल्या सगळ्यांना आंघोळ करायला लावली. मयताची बातमी आल्यावर करतात तशी. आई आधीच गेली होती, म्हणून ती तरी सुटली. दिगू तेव्हा कॉलेजात होता. मी शाळेत असताना ज्याला कडेवर घेऊन फिरायचे, ज्याचं नाक पुसायचे, त्यानंही माझ्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं. हे मला शेजारच्या बाईनं बाजारात सांगितलं, आणि वर "नंतर जेवला म्हणं चांगला," हेही सांगितलं. लोकांना अर्धवट बातमी देववत नाही.

आता दिगूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. बायकोचा रक्तगट जुळेना आणि कॅनडातल्या पोराला स्वतःलाच साखर. प्रयोगशाळेत मूत्रपिंड वाढवण्याचा शोध 'येत्या पाच वर्षांत' पूर्ण होणार असल्याची बातमी मी गेली वीस वर्षं वाचते आहे. उरले मी. तपासण्यांमध्ये आम्हा भावंडांच्या पेशी अशा जुळल्या की डॉक्टर आनंदानं हसले. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. त्यानं आक्का म्हणून हाक मारली आणि मी विरघळले, एवढंच.

होकार तोंडातून गेला आणि भीती मागून आली. छाती धडधडायची, जेवण नको व्हायचं, आंघोळीला बसलं तरी पोटावरची ती न घातलेली चीर दिसायची. त्या सुमारास नियमच झाला होता की दात्याची भीती मोजायची आणि ती ठरलेल्या रेषेच्या खाली आल्याशिवाय त्याला टेबलावर घ्यायचं नाही. म्हणून मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला आठवडाभर आधीच दाखल केलं. वॉर्ड खास होता. मोठ्या ऑपरेशनला घाबरलेले, दुखण्यानं खचलेले, भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे असे सगळे तिथे. आणि आमच्या सोबतीला 'दिलासा'.

दिलासा म्हणजे मनगटावरचा एक मऊ पट्टा आणि उशीजवळचा बशीएवढा स्पीकर. वॉर्डच्या मानसतज्ज्ञ डॉक्टर गार्गी शेटे यांनी मला ते फार छान समजावलं होतं. निवांत माणसाचं हृदय अगदी ठरल्या तालात चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं. घाबरलेल्या माणसाचं हृदय मात्र कवायतीला लागल्यासारखं समान ठोके टाकायला लागतं. पट्टा ते अंतर मोजतो, कातडीचा ओलावा मोजतो, आवाजातला कंप ऐकतो आणि कुठल्या विषयाला मन आखडतं ते शिकत जातो. मग तो तुमच्याशी बोलतो. "तुम्ही याच्याशी जे बोलाल ते कुठलाही माणूस ऐकत नाही, मीसुद्धा नाही," असं डॉक्टर शेटे म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरं बोलणाऱ्या बाईचा होता, आणि त्या खरंच बोलत होत्या. हे मी नंतरही नाकारणार नाही.

दिलाशाचा आवाज पन्नाशीच्या बाईचा होता. "होय की," असं म्हणायचा. 'सगळं ठीक होईल' असं त्यानं मला एकदाही सांगितलं नाही, आणि तिथेच मी फसले. मी दूध संघाच्या ऑफिसात नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजण्यात माझी हयात गेली. माझं ऐकून घेणारं कोणी भेटलं की मी पाघळणारच.

एका दुपारी त्यानं विचारलं, "दिगंबरचं नाव निघालं की तुमचा श्वास अडकतो. काय असतं तिथे?"

मी सांगितलं. आंघोळीचं सांगितलं, आणि मग जे मी सुदामलाही कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "मी मनात एक सोंग रचलंय," मी म्हटलं. "दिगू मोरीत जातो. दार लावून घेतो. बादली तशीच ओतून देतो, आवाज बाहेर जावा म्हणून. नुसते केस ओले करतो आणि बाहेर येतो. म्हणजे त्यानं माझ्या नावानं आंघोळ केलीच नाही. झोप लागत नाही तेव्हा मी हे बघत बसते. वेडेपणा आहे."

"वेडेपणा नाही," दिलासा म्हणाला. "हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं तर?"

"तर मी दोन्ही मूत्रपिंडं देईन," मी म्हटलं आणि हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या वॉर्डात एक गोष्ट विलक्षण होती. भेटायला येणारी माणसं फार चांगली होती. माझ्या शेजारच्या कॉटवर तासगावच्या शेवंताबाई होत्या, हृदयाची झडप बदलायला आलेल्या. त्यांची सून त्यांचे पाय चेपता चेपता म्हणाली, "आई, तुमच्या हाताची भरली वांगी मला कधी जमलीच नाहीत. बऱ्या होऊन या, मला शिकायचीत." शेवंताबाई दिवसभर ते वाक्य चघळत होत्या. हॉस्पिटलात नातेवाईक म्हणजे एरवी काय? डब्यावरून कुरकुर, रजेवरून भांडण आणि पेशंटच्या उशाशी बसून दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाची गोष्ट. इथे तसलं काहीच नव्हतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण सुख बोचत नाही.

आणि माझा सुदाम. हा माणूस बायकोच्या बाळंतपणात "पंखा लावू का?" एवढंच बोलला होता. तो माझ्या कॉटजवळ बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू नाहीस तर घरात माझी वस्तूसुद्धा मला सापडत नाही. मी इतकी वर्षं तुझ्या भरवशावर जगलो आणि तुला सांगितलं नाही." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दिगू आला. त्याचा वॉर्ड खालच्या मजल्यावर होता. भिंतीला धरून धरून चालत आला आणि स्टुलावर बसला. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आक्का, तुला एक सांगायचं राहून गेलंय." जरा थांबला. "त्या दिवशी मी आंघोळ केलीच नव्हती. मी मोरीत गेलो, दार लावलं, आणि बादली तशीच ओतून दिली." पुन्हा थांबला. "नुसते केस ओले केले. आबांना कळलं नाही."

मी त्याचं डोकं छातीशी धरलं. लग्नाच्या दिवसापासून उराशी बाळगलेला दगड कोणीतरी अलगद उचलून नेला असं मला वाटलं. मला वाटलं की रक्ताचं नातं हेच, दोघांनी एकच गोष्ट एकमेकांना न सांगता जपली. मला आपल्या वेडेपणाचा अभिमानसुद्धा वाटला. संध्याकाळी डॉक्टर शेटे आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या पाटीवर माझ्या भीतीची रेघ पार खाली गेलेली होती. "परवा अवयवदानाच्या समितीपुढे तुमची मुलाखत, आणि मग ऑपरेशन," त्या खुशीत म्हणाल्या. मीही खुशीत होते.

सकाळी मी आंघोळीला गेले. बाहेरून नर्स म्हणाली, "मावशी, आतून कडी लावू नका हं." मी दार लोटलं आणि दाराला हात तसाच ठेवून उभी राहिले.

आमच्या गावच्या घरात मोरीला दार नव्हतं. दगडी मोरी, बाजूला तांब्याचा बंब आणि पुढे पोत्याचा पडदा. तो पडदा मीच शिवला होता, शेंगांच्या पोत्याचा. मोरीला दार आहे ते माझ्या सांगलीच्या घरात, हिरव्या रंगाचं. सोंग रचताना मी माझ्या घरचं दार उचलून माहेरी नेऊन बसवलं होतं, इतकी वर्षं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि दिगू म्हणाला होता, दार लावलं.

एकदा नाट्यस्पर्धेत माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि मी तिसऱ्या अंकातलं वाक्य दुसऱ्या अंकात दिलं. नट आधीच पाठांतराला कच्चा. त्यानं ते जसंच्या तसं उचललं आणि बाप समोर आरामखुर्चीत बसलेला असताना "बाबा आपल्याला सोडून गेले हो," असा टाहो फोडला. प्रेक्षागृह हसून लोटपोट झालं. तेव्हा मला कळलं होतं की प्रॉम्प्टर बरोबर सांगत असेल तोवर कोणाला पत्ता लागत नाही. त्याची चूक नटाच्या तोंडून बाहेर आली की सगळं उघडं पडतं. दिगूच्या तोंडून माझी चूक बाहेर आली होती.

आंघोळ न करताच मी खाली गेले. दिगू डायलिसिसच्या खुर्चीत होता, हाताला दोन नळ्या. मला बघून हसला.

"दिगू, गावाकडं आपल्या मोरीला दार होतं?"

त्याची नजर गेली डावीकडे, खाली, जमिनीवर. ती नजर मला चांगली ठाऊक आहे. विंगेतून वाक्य यायची वाट बघणारा नट असाच बघतो. त्याच्या डाव्या कानात हरभऱ्याएवढा एक मणी होता. ऐकू कमी येतं म्हणून असेल असं मी समजले होते.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "मला वाटतं आपण दोघांनीही मागचं ओझं आता..."

मी हात घालून तो मणी काढला आणि मुठीत धरला. "आता सांग."

त्याचा चेहराच बदलला, एखाद्या पोराला फळ्यापुढे उभं केल्यासारखा. "पडदा हुता," तो म्हणाला. "पोत्याचा."

"आणि आंघोळ?"

"केली की. आबांनीच वतलं पाणी." त्यानं ओठ चाटले. "आता इचारतीयास म्हणून सांगतो. तवा मला ते बराबरच वाटलं हुतं."

"मग काल ते सगळं कशाला बोललास?"

"मला काय म्हाईत ते कुठनं आलं? मणी देताना त्यांनी सांगितलं, कानात यील ते बोला, पेशंटच्या जिवाला बरं वाटतंय. मला वाटलं डाक्टरनं लिवलं आसंल." आणि मग हळूच, "तुझं भ्या कमी व्हाया पायजे हुतं, आक्का. न्हाईतर त्यांनी तुला घेतलंच नसतं."

मशीन गुरगुरत होतं. त्याचं रक्त नळीतून जात होतं आणि परत येत होतं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावी असंही वाटलं. मी काहीच न करता वर आले.

डॉक्टर शेटेंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि काहीही लपवलं नाही. यंत्राच्या शब्दांनी आलेला धीर काही तासांत ओसरतो, असं पहिल्या वर्षीच दिसून आलं होतं. तेच शब्द जवळच्या माणसाच्या तोंडून आले की धीर कित्येक दिवस टिकतो. मेंदू शब्दांबरोबर तोंडही बघतो. पण जवळच्या माणसांना नेमकं बोलता येत नाही, बहुतेक वेळा ती नको तेच बोलतात. म्हणून दिलाशाच्या नव्या रूपात नातेवाइकांच्या कानात मणी आला. पेशंटला कशाची ओढ आहे ते यंत्राला कळतं. ते वाक्य तयार करतं आणि नातेवाईक ते बोलतो.

"तुमचं बोलणं आम्ही कोणालाही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "दिगंबररावांना तुमची गोष्ट अजूनही माहीत नाही. त्यांना फक्त एक वाक्य मिळालं."

"ते वाक्य खोटं होतं."

"यंत्राला खरंखोटं कळत नाही, हेमलताताई. तुम्हाला काय लागेल तेवढं कळतं." त्यांनी दारातून वॉर्डकडे हात केला. "या वॉर्डात यायच्या आधी लोक भिंतीकडे तोंड करून मरायचे. आता घरी जातात. मी कुठली बाजू घेऊ?"

बाई वाईट नव्हती. वाईट असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी कॉटवर येऊन सुदामची वाट बघत बसले. दुपारी तो डबा घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं, रडले, भावाला नाही नाही ते बोलले. तो ऐकत होता. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुला राग येणं साहजिक आहे. तू काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूनं आहे."

इतकं नेमकं. मी मान वळवून त्याच्या कानाकडे बघितलं. मणी डाव्या कानात होता, केसांच्या आड. त्यानंच तो काढला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला.

"मला बोलता येत नाही, तुला माहितीये," तो म्हणाला. "मी गप्प बसलो की तुझी भीती वाढते, असं त्यांनी मला आलेखावर दाखवलं. माझ्यामुळे वाढते म्हणून दाखवलं, हेमा."

"आणि ते घरातल्या वस्तू सापडत नाहीत, ते?"

"तेही त्यांचंच." मग घाईघाईनं, "पण सापडत नाहीत, हे खरं आहे."

असेल खरं. पण त्या वाक्यावर मी जेवले होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्यानं मला काही दिलं म्हणून मी ते शेवंताबाईंना दोनदा सांगितलं होतं. दिगूनं फसवलं तेव्हा मला राग आला. त्याच्याकडून माझी फार अपेक्षा नव्हतीच. सुदामनं मणी काढून ठेवला तेव्हा मात्र माझ्या आत काहीतरी विझलं, आणि ते अजूनही पुरतं पेटलेलं नाही. ज्या माणसाच्या मुकेपणावर मी विश्वास ठेवून घर सोडलं होतं, त्याला मुकं राहायलाही कोणी दिलं नाही.

शेवंताबाई पलीकडून बघत होत्या. त्यांची सून तेव्हा त्यांना सफरचंद कापून देत होती. त्यांना सांगावं असं एकदा वाटलं, पण त्यांची झडप सकाळी बदलायची होती. मी तोंड मिटून बसले. म्हणजे मीही त्या वॉर्डातलीच झाले होते.

समितीत तिघं होते. मधल्या निवृत्त न्यायाधीशबाईंच्या पुढ्यात माझा आलेख होता. आदल्या दुपारी रेघ एकदम वर गेली होती आणि रात्रीतून पुन्हा खाली आली होती. दिलासा रात्रभर माझ्याशी बोलला होता. मी उत्तर दिलं नव्हतं, पण हृदयानं ऐकलं असावं.

"ताई, हा निर्णय घेताना तुमच्यावर कोणाचा दबाव होता का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळे फार गोड बोलले."

त्यांनी मान वर केली. मी मनगटावरचा पट्टा सोडला आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला. "मी घाबरत घाबरत हो म्हटलं होतं, बाई. ते हो माझं होतं. मग तुम्ही माझी भीती काढून घेतलीत आणि तिच्या जागी काय काय भरलंत ते मला माहीत नाही. आता माझ्या होकारात माझं किती आणि कानातलं किती, हे मला सांगता येत नाही. म्हणून नाही."

"रागाच्या भरात..." कडेला बसलेल्या डॉक्टर शेटे म्हणाल्या.

"असू दे. राग तरी मला कोणी सुचवलेला नाही."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. दात्याला कोणत्याही क्षणी नाही म्हणता येतं, हा नियम जुना होता आणि तो अजून कोणी बदललेला नव्हता.

बाहेर, दाराला लागूनच असलेल्या बाकावर दिगू बसला होता, सुदाम त्याच्यापासून चार हात लांब. दोघांचेही कान मोकळे होते. मी दिगूपुढे उभी राहिले आणि नाही म्हटल्याचं सांगितलं. तो मरणाला घाबरलेला होता, ते मला दिसत होतं. त्यानं त्या क्षणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या, भीक मागितली असती, नुसता रडला असता तरी मी पुन्हा आत गेले असते. समितीच्या दाराच्या कडीवर माझा हात अजून होता.

त्यानं एकदा सुदामकडे बघितलं, मग माझ्याकडे. मध्ये कुठे थांबला नाही, खाली बघितलं नाही.

"शेवटाला तू त्यांच्यातलीच झालीस न्हवं," दिगू म्हणाला. "आबा बराबर हुते."

मी कडीवरचा हात काढला. त्या हॉस्पिटलात आल्यापासून, मी न विचारता त्यानं सांगितलेली एवढी एकच गोष्ट खरी त्याच्या मनातली होती.

सुदामनं माझी पिशवी उचलली. आम्ही जिन्याकडे निघालो. पहिल्या वळणावर मला हुंदका फुटला आणि मी कठड्याला धरून खाली बसले. सुदाम एक पायरी खाली उभा होता. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं. पट्टा वर टेबलावर राहिला होता, त्यामुळे माझं रडणं थांबवायला कोणी आलं नाही.